उजनीतलं ‘उणे’ कुणाच्या खात्यावर मांडायचं?

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
कालवा सल्लागार समिती, उजनी प्रकल्प

स. न. वि. वि.

भीमेवरचं उजनी धरण तुडुंब असताना पाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्याला आमच्याकडं येडा म्हणतात. तरी हे पत्र मुद्दाम अशाच वेळी लिहितोय. मे महिन्यात लिहिलं असतं तर ‘आता साठाच नाही, बोलून काय उपयोग’ असं उत्तर आलं असतं. जुलै-ऑगस्टात लिहिलं असतं तर वाचायला कुणाला सवड नसती. तेव्हा अख्खा सोलापूर जिल्हा मोबाइलवर दौंडचा विसर्ग, म्हणजे वरनं उजनीत येणारं पाणी, बघत असतो. आटलेल्या धरणाबद्दल निवांत बोलायला भरल्या धरणाचा काठच बरा.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. करमाळा तालुक्यात बॅकवॉटरला, म्हणजे धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, माझी सहा एकर जमीन आहे. त्यातल्या चार एकरांत ऊस. आजोबांची नदीकाठची काळी जमीन आणि जुनं गाव, दोन्ही यशवंतसागरच्या, म्हणजे उजनीच्याच जलाशयाच्या, तळाशी आहेत. म्हणजे धरणग्रस्त मी, धरणातनं मोटारीनं पाणी उचलणारा मी आणि ते उसाला पाजणाराही मीच. तेव्हा हे पत्र कुणा सोवळ्यातल्या माणसाचं नाही.

2024 च्या जूनमध्ये बातम्यांत आकडा यायचा: उजनी उणे साठ टक्के. पुण्याला असलेल्या माझ्या मावसभावानं फोन करून विचारलं, ‘धरण शून्याच्या खाली कसं काय जातं रे? जमिनीकडनं उसनं घेता का?’ मी हसलो. मग त्याला समजावायला लागलो तर माझंच मला नीट सांगता येईना. फोन ठेवून एक कागद घेतला आणि हिशेब मांडला. तोच हिशेब आज तुमच्यापुढं ठेवतोय, कारण तुमच्या बैठकीच्या बातम्यांत तो मला कधी असा सरळ मांडलेला सापडला नाही.

उजनीची एकूण साठवण 117.23 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला उपयुक्त साठा 53.57 आणि मृतसाठा 63.66. म्हणजे या धरणाचा निम्म्याहून मोठा भाग कागदावर मृत आहे. माळरानावरचं पसरट धरण; पाणी कालव्यांत चढायला ठरावीक पातळी लागते आणि त्या पातळीखालचं सगळं नियोजनाबाहेरचं, असं धरण बांधणाऱ्यांनी ठरवलं. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणून एक टक्का म्हणजे साधारण अर्धा टीएमसी, आणि उणे साठ म्हणजे मृतसाठ्यातनं बत्तीस टीएमसी उपसलेलं. त्या दिवशी धरणात उरलं होतं साडेएकतीस टीएमसी. त्यातही गाळ किती आणि पाणी किती, हे तळ बघणाऱ्यालाच ठाऊक.

आता मागं जाऊ. 2023 चा पावसाळा कोरडा गेला. ऑक्टोबरात धरण साठ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबलं. उपयुक्त बत्तीस आणि मृत पावणेचौसष्ट मिळून साधारण शहाण्णव टीएमसी. जानेवारी सरायच्या आत उपयुक्त साठा संपला आणि धरण मृतसाठ्यात शिरलं. जूनमध्ये उरलं साडेएकतीस.

वजाबाकी करा. चौसष्ट टीएमसी.

धरण पूर्ण भरलं तरी वापरायला मिळतात साडेत्रेपन्न टीएमसी. ज्या वर्षी ते जेमतेम साठ टक्के भरलं, त्याच वर्षी आठ महिन्यांत चौसष्ट गेले. भरल्या धरणातनं हक्कानं वापरायला मिळतं त्याहून जास्त पाणी आपण दुष्काळाच्या वर्षी खर्चलं. घरात एखाद्याचा पगार कापला गेला आणि त्याच वर्षी त्यानं पुऱ्या पगाराहून जास्त खर्च केला, तर बायको दारात उभी राहून विचारते, पैसे गेले कुठं. इथं विचारणारं कुणी नाही, कारण ‘उणे’ या शब्दानं सगळ्यांचं समाधान होतं. पाऊस झाला नाही म्हणून धरण उणे गेलं, असं आपण म्हणतो. पाऊस झाला नाही म्हणून ते साठ टक्क्यांवर थांबलं, हे खरं. तिथनं उणे साठवर ते पावसानं नेलेलं नाही.

पाणी जातं कुठं, याची मोघम यादी सगळ्यांना तोंडपाठ आहे. कालव्यांची आवर्तनं (पाणी सोडायच्या पाळ्या), नदीतनं सोलापूरला, भीमा-सीना बोगद्यातनं सीनेत, उपसा योजनांना, कारखान्यांना, आम्हा बॅकवॉटरवाल्यांच्या मोटारींना, आणि पसरट धरण असल्यानं उन्हानं उडून जातं ते वेगळंच. पण यातल्या कुणी किती नेलं, हे ओळीनं मांडून एका कागदावर जाहीर करा म्हटलं की बोलणं विषयांतराकडं वळतं. कुठंतरी पाणी मुरतंय ही म्हण आम्ही संशय घ्यायला वापरतो. उजनीच्या बाबतीत ती जलसंपदा खात्याच्या भाषेतही चालून जाईल.

बॅकवॉटरला उणे कसं दिसतं, ते थोडं सांगतो. तुमची बैठक कधी सोलापूरला, कधी पुण्या-मुंबईला होते. तिथनं ते दिसत नाही.

पाणी मागं सरकायला लागलं की आम्ही त्याच्या मागं जातो. पहिल्यांदा फुटव्हॉल्व्ह खाली नेतो, मग मोटार, मग केबल. मग गाळात चर खोदायला जेसीबी येतो. 2024 ला आम्ही पाच जणांनी मिळून एकच लाइन केली. वीस फुटी काळे पाइप, अडीचशे. म्हणजे दीड किलोमीटर. एवढ्या लांब केबल नेली की दाब पडतो, मोटार गरम होते आणि जळते. आमची दोनदा जळली. तिसऱ्यांदा केबलच चोरीला गेली. चोर गाळातनं एवढं ओझं घेऊन कसा गेला, याचं कौतुक करावं की काय, असं आमच्यात बोलणं झालं होतं. रात्री मोटारीवर झोपायला जायचो तेव्हा चांदण्यात समोर नुसता भेगाळलेला गाळ दिसायचा, आणि लांबवर पाण्याची एक रेघ. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे वाक्य इतक्या पुढाऱ्यांनी इतक्या भाषणांत वापरलंय की ते आता आमच्या तोंडी शोभत नाही. पण त्या रात्री ते आठवलं, हे खोटं कशाला सांगू.

धरणाच्या पोटातली जमीन उघडी पडली की पलीकडं पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर वर येतं. इकडं कुगावला इनामदारांचा वाडा. लोक पुण्याहून गाड्या घेऊन येतात, फोटो काढतात, रील करतात. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मंदिर आहेच देखणं. मीही त्या मे महिन्यात वडिलांना घेऊन उतरलो होतो, पण मंदिराकडं नाही. जुन्या गावठाणात. वडील ऐंशीच्या पुढं गेलेले. काठी टेकत, चिखल चुकवत थेट एका जोत्यापाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘ही आपली ओसरी.’ मला दगडांची एक रांग दिसत होती. त्यांना तिथं उंबरा, न्हाणी, परड्यातला शेवगा, सगळं दिसत होतं. थोड्या वेळानं म्हणाले, ‘हे दिसायला नको होतं.’ मला वाटलं, जुन्या आठवणीनं म्हणाले. तर पुढं म्हणाले, ‘आपण गाव दिलं ते बुडालेलंच राहावं म्हणून दिलं. हे दिसतंय म्हणजे पाणी नासलं कुणीतरी.’

तुमच्या समितीत अभियंते आहेत. पाणी नियोजनाची याहून सरळ व्याख्या कुणाला सुचत असेल तर मला कळवावी.

आता सोलापूर शहराचं पाणी. हा विषय काढला की शहरवाल्यांना वाटतं, खेडवळ माणूस आमच्या तोंडचं पाणी पळवायला आला. तसं नाही. प्यायचं पाणी पहिलं, याबद्दल आमच्याकडं दुमत नाही. पण पद्धत बघा. धरणातनं भीमेच्या पात्रात पाणी सोडायचं, ते पंढरपूर, मंगळवेढा करत औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांपर्यंत दोनशेच्या घरात किलोमीटर वाहत जायचं, आणि मग टाकळीला उपसून शहराला द्यायचं. एका पाळीला पाच-सहा टीएमसी सोडावं लागतं. वर्षाला अशा तीन-चार पाळ्या. 2011 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. दहा लाख धरा आणि माणशी रोज 135 लिटर द्या, तर शहराला वर्षभरात पावणेदोन टीएमसी लागतं. म्हणजे एका पाळीत सोडतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं.

मधलं सगळं वाया जातं असं म्हणणं अन्यायाचं होईल. नदीकाठच्या गावांच्या, पंढरपूर-सांगोल्याच्या पाणीयोजना त्याच पाण्यावर चालतात. वाळूला पाणी लागतं, विहिरींना झरे येतात. आषाढीला चंद्रभागेत पाणी लागतं, ते देऊ नका असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? पण नदीकाठाला हजारो मोटारी आहेत, आणि पाणी सुटलं की त्या रोखायला वीज दोन-तीन तासांवर आणायची वेळ येते, हेच सांगतं की प्यायच्या नावानं निघालेल्या पाण्यातलं बरंचसं पाणी उसात उतरतं. मग त्याला सिंचनाची पाळी म्हणा, तशी पट्टी घ्या आणि सिंचनाच्या खात्यावर मांडा. ‘पिण्यासाठी’ असं लिहिलं की पुढं कुणाला प्रश्न विचारता येत नाही, हे आम्हालाही कळतं. उजनीवरनं शहराला थेट पाइपलाइन आहे. 110 किलोमीटरची, रोज 170 दशलक्ष लिटरची समांतर जलवाहिनीही तेवढ्यासाठीच घातली. तिचं काम किती वर्षं लोंबकळलं हे सोलापूरकरांना विचारा. माझा प्रश्न पुढचा आहे. नळानं पाणी पोचायला लागलं की नदीतल्या पाळ्या किती कमी होणार? तो आकडा कुणी लिहून दिलाय का? की नळानंही न्यायचं आणि नदीनंही?

उसाकडं येतो. इथं माझा आवाज थोडा खाली येणार.

हे धरण आठमाही पाण्याचं. खरीप आणि रब्बी, असा त्याचा मूळ बेत. या भागाचं पीक ज्वारी. मालदांडी 35-1 ही वाण याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातली, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर आता भौगोलिक मानांकन आहे. पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलीमीटरचा. अशा जिल्ह्यात आज तीसहून जास्त साखर कारखाने आहेत. धरण आठ महिन्यांचं आणि पीक बारा-चौदा महिन्यांचं, मग उरलेल्या महिन्यांचं पाणी येणार कुठनं? मृतसाठ्यातनं. उण्याचं गणित इतकं साधं आहे.

मग तू ऊस का लावतोस, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी ज्वारीच्या भावात बसत नाही. डाळिंब लावलं होतं, तेल्या रोगानं नेलं. केळीला एका वर्षी पैसे झाले, पुढच्या वर्षी वाऱ्यानं बाग आडवी झाली. ऊस पडला तरी कारखाना नेतो, उशिरा का होईना एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) मिळते, आणि सोसायटीचं कर्ज उसावर उभं राहतं तसं ज्वारीवर राहत नाही. चार एकर ऊस हा माझा शौक नाही, ती माझी विमा पॉलिसी आहे. मला ज्वारीकडं वळवायचं असेल तर ती पॉलिसी दुसरीकडं कुठं मिळते ते दाखवा. नुसतं ‘शेतकऱ्यांनी पीकपद्धती बदलावी’ हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय, आणि ते बोलणाऱ्या व्यासपीठावरच्या निम्म्या खुर्च्या कारखान्यांच्या संचालकांच्या असतात.

कायदा नाही असंही नाही. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात बारमाही पिकाला ठिबकाची अट घालायची सोय आहे. 2017 साली मंत्रिमंडळानं कालव्यावरच्या उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं. माझ्या चार एकरांतलं दोन एकर मी ठिबकवर नेलंय. अनुदानाची फाइल किती टेबलं फिरली ते इथं लिहीत नाही, ते वेगळं पत्र होईल. फरक मात्र डोळ्यानं बघितलाय: त्या दोन एकरांची मोटार निम्म्या वेळात बंद होते. उरलेल्या दोन एकरांना अजून पाटानं देतो, कारण पाटानं दिलं काय आणि ठिबकनं दिलं काय, मला कुणी विचारत नाही. पाणीपट्टी एकराच्या हिशेबानं. किती पाणी प्यालो त्याच्या हिशेबानं नाही. जो वाचवेल त्याला एक रुपयाचा फायदा नाही आणि जो उधळेल त्याला एक रुपयाचा तोटा नाही. अशा व्यवस्थेत दोन एकर ठिबक केलं, हाच माझा मूर्खपणा म्हणायचा.

टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाचं तर मी बोलतच नाही. हेडला, म्हणजे सुरुवातीला, पाट फोडून रात्रभर पाणी चालतं, आणि शेवटच्या चारीवरचा माणूस पाण्यासाठी नमुना सातचा अर्ज भरून, पट्टी भरून पाटकऱ्याची वाट बघत बसतो. त्याच्यापर्यंत आवर्तन पोचतं ते बातमीच्या रूपानं. उणे साठ टक्क्यांचा सगळा उपसा करूनही जर शेवटचा शेतकरी कोरडाच असेल, तर आपण नेमकं कुणासाठी मृतसाठ्यात हात घातला?

हे झालं खालचं. वरचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा फक्त आम्हालाच धरतो.

उजनी करमाळ्याच्या किंवा माढ्याच्या पावसानं भरत नाही. ती भरते सह्याद्रीच्या पावसानं, वरची पुणे जिल्ह्यातली धरणं भरून सांडली की. वरच्यांनी पोटभर घेतल्यावर उरलेलं आमचं, हा अलिखित नियम. चांगल्या पावसाच्या वर्षी तो कुणाला टोचत नाही. 2024 ला उणे साठवरनं धरण दोनेक महिन्यांत भरलं, 2025 ला तर मे महिन्यातल्या पावसानंच उण्यातनं बाहेर आलं. कमी पावसाच्या वर्षी मात्र वरच्या धरणांची दारं उघडतच नाहीत. गोदावरीत जायकवाडीला याच भांडणातनं सूत्र मिळालं: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्यांनी सोडायचं. ते सूत्र सगळ्यांना गोड वाटतं असं नाही, नगर-नाशिकवाल्यांना विचारा. पण निदान भांडायला एक आकडा आहे. भीमेच्या खोऱ्यातही दरवर्षी आंदोलन करून मागायची पाळी येऊ नये, एवढा आकडा तुम्ही मिळून मागायला हवा. ते सोडून आपण काय केलं? 2021 च्या उन्हाळ्यात इंदापूरला पाच टीएमसी द्यायचा आदेश निघाला, सोलापुरात रान पेटलं, आणि आदेश मागं घेतला. इंदापूरवाले आमच्या समोरच्या काठावर राहतात. आमच्या सोयरिकी आहेत तिकडं. त्या महिन्यात लग्नाच्या पंगतीत माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. सोडणाऱ्यांनी सोडलं नाही आणि घेणाऱ्यांनी घेतलं नाही, भांडणारे मात्र भांडून मोकळे झाले.

आणि आणखी वरती, मुळशीला आणि मावळात, टाटांची धरणं आहेत. भीमेच्या खोऱ्यातलं पाणी बोगद्यांतनं सह्याद्रीच्या पलीकडं पाडतात, वीज करतात आणि ते पाणी कोकणात उतरतं. वर्षाला चाळीसहून अधिक टीएमसी. 1921 ला मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तेव्हा मुंबईला विजेच्या फारशा सोयी नव्हत्या असं म्हणता येईल. शंभर वर्षांनी मुंबईला विजेच्या दहा वाटा झाल्या. पाण्याला मात्र खाली यायची एकच वाट आहे, ती भीमेची. दुष्काळाच्या वर्षी तरी त्यातला काही हिस्सा पूर्वेला वळवता येतो का, हा प्रश्न अधूनमधून निघतो, समिती बसते आणि पाऊस पडतो.

पुण्याकडनं एक पाणी मात्र बारमाही येतं, न चुकता, दुष्काळातही. मुळा-मुठेचं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी, अर्धवट शुद्ध केलेलं, काही अजिबात न केलेलं. धरण भरलेलं असतं तेव्हा ते लपतं. उणे गेलं की सगळं उघडं पडतं: हिरवी साय, जलपर्णी, वास. साठा जसा कमी तसं घाणीचं प्रमाण जास्त, आणि नेमकं तेच पाणी सोलापूर पितं. म्हणजे मृतसाठा उपसणं हा फक्त किती पाण्याचा प्रश्न नाही, कसल्या पाण्याचाही आहे. भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. गुलाबी थवे चिखलात चोच घालून उभे असतात, लोक म्हणतात केवढं सुंदर. सुंदर आहेच. पण त्या चिखलात काय आहे ते पक्ष्याला विचारता येत नाही, म्हणून ते बरंय. आमचे भोई-मच्छीमार सांगतात की आता जाळ्यात येते ती नुसती चिलापी. आजोबांच्या वेळचे मासे सांगायला सुद्धा माणसं कमी उरली.

तर माझी मागणी. यादी करून नंबर घालत नाही, कारण नंबर घातलेल्या मागण्यांचं निवेदन स्वीकारताना फोटो काढतात आणि फाइलला लावतात.

मला मुळात एकच गोष्ट हवी आहे. 15 ऑक्टोबरचा साठा धरून तुम्ही वर्षाचं नियोजन करता. ते नियोजन टक्क्यांत न सांगता टीएमसीत सांगा, आणि ‘मृतसाठ्यातून किती’ हा रकाना त्यात स्वतंत्र ठेवा. शून्याच्या खाली उतरायचं असेल तर जरूर उतरा, माणसं आणि जनावरं तहानलेली असतील तर कोण अडवेल. पण शून्याच्या खाली गेलेला प्रत्येक टीएमसी कुठल्या कारणासाठी, कुणाच्या मागणीवरनं, कुणाच्या सहीनं सोडला, हे तालुक्याच्या ठिकाणी फळ्यावर लिहा. मराठीत लिहा. कालवा, नदी, बोगदा, उपसा, कारखाने, बाष्पीभवन, आणि हो, बॅकवॉटरच्या मोटारी, सगळे रकाने. आमच्या मोटारींना मीटर बसवायचे असतील तर पहिला माझ्या मोटारीला बसवा. गावातले लोक मला शिव्या देतील, पण फळ्यावर आमचा आकडा दिसला की शेजारच्या रकान्यातला मोठा आकडाही त्यांना दिसेल. मग ते मला सोडून तुमच्याकडं येतील.

हिशेब मांडल्यानं पाऊस वाढत नाही, हे मलाही कळतं. पण गावात भावाभावांची वाटणी होते तेव्हा पंच आधी काय करतात? जे आहे ते अंगणात आणून ठेवतात. भांडी, धान्य, दागिने, कर्जाचे कागद. मग भांडण होतं, डोकी फुटायची वेळ येते, पण भांडण त्या अंगणात ठेवलेल्या वस्तूंवरनं होतं. उजनीची वाटणी आपण बंद खोलीत करतो आणि भांडतो मात्र रस्त्यावर.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला. माढा, करमाळा, मोहोळकडची गावं पाण्यात गेली, उभी पिकं आणि जनावरं गेली. त्याच सीनेला उन्हाळ्यात बोगद्यातनं पाणी सोडा म्हणून वर्षानुवर्षं उपोषणं झालेली आहेत. एवढं सगळं एकाच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत. तेव्हा पुढचं 2023 कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि ते यायच्या आधी फळा तयार असावा असं मला वाटतं.

कळावे,

आपला,
बॅकवॉटरचा एक ऊसकरी
ता. करमाळा, जि. सोलापूर

ता. क. गेल्या वेळचे अडीचशे पाइप गोठ्यामागं रचून ठेवलेत. उन्हानं त्यातले पन्नासेक तडकलेत. टेंभुर्णीचा दुकानदार म्हणतो, दिवाळीच्या आत ऑर्डर दिली तर स्वस्तात पडतील, मार्चनंतर भाव वाढतो आणि मालही मिळत नाही. नवे घेऊ की नको, एवढं तरी बैठक झाल्यावर कळवावं.